सोबत कोण राहणार?

४ फेब्रुवारी

टक् — टक् — टकटक्. मिस टॉलेफसन छडीच्या टोकाने लोखंडी शेगडीवर ताल धरायच्या आणि आम्ही तेरा मुलं एका सुरात कविता म्हणायचो. एका खोलीची शाळा, बाहेर गुडघाभर बर्फ. साठ वर्षं होऊन गेली. कविता नदीवरची होती. शब्द बरेच गळाले, पण ताल आज तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या स्वच्छ ऐकू आला.

किडनी देण्यासाठीच्या तपासण्या संपल्या. डॉक्टर म्हणाले, "वय एकाहत्तर, पण किडनी पन्नाशीची आहे." घरी येईपर्यंत गाडीत एकटाच हसत होतो. बायकोला, आर्डिसला, जाऊन चार वर्षं झाली. माझ्याकडचं काही कुणाच्या उपयोगी पडेल, असं त्यानंतर पहिल्यांदाच कोणी म्हणालं.

५ फेब्रुवारी

का देतोयस, असं स्वतःलाच एकदा नीट सांगावं म्हणून लिहितो.

आर्डिसला किडनी मिळाली ती विस्कॉन्सिनमधल्या एका बाईची. नाव कधी कळलं नाही. वय एकेचाळीस, घोडे पाळायची, अपघातात गेली, आणि गाडीचा परवाना काढताना 'अवयव देणार का' या चौकोनात तिने खूण केली होती, एवढंच कळलं. एक खूण. रांगेत उभं राहून, बहुधा घाईत केलेली. त्या खुणेवर आम्ही पुढे नऊ वर्षं संसार केला. नऊदा टोमॅटो लावले. नऊ हिवाळे आर्डिसने माझ्या कविता ऐकल्या आणि "पुरे आता, सूप गार होतंय" म्हणाली.

माझ्याही परवान्यावर तशी खूण आहे. पण मरेपर्यंत थांबायचं कशाला? दोन आहेत. ऑक्टोबरात वाण्याच्या दुकानासमोर एका गाडीच्या मागच्या काचेवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं वाचलं — 'माझ्या आईला किडनी हवी आहे. रक्तगट ओ.' खाली फोन. आई म्हणजे जोॲन, शाळेत स्वयंपाक करते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्या खुर्चीवरून उठल्यावर माणसाचा चेहरा कसा राखेसारखा होतो, ते मला पाठ आहे. मुलगी फोनवर म्हणाली, आधी सहा जण तपासून झाले. जुळलेला मी एकटाच.

११ फेब्रुवारी

दवाखान्यातून कोरिनचा फोन. देणाऱ्यांचं सगळं तीच बघते. लुइझियानाची आहे, त्यामुळे आडून बोलत नाही.

"सगळं झालं, मिस्टर फॉसम. फॉर्मवर एक जागा रिकामी आहे. ऑपरेशननंतर दोन आठवडे घरी सोबत कोण राहणार?"

म्हटलं, जमवीन माझं मी.

"तसं चालत नाही. मला नाव लागतं. पंचवीस तारखेपर्यंत. नाहीतर फाइल बंद करावी लागेल."

एक नाव. तासभर स्वयंपाकघरात बसून पेन्सिलीला टोक काढत होतो.

१४ फेब्रुवारी

व्हर्नला सांगितलं. धान्याच्या कोठारावर आम्ही तीस वर्षं बरोबर काम केलं. गोठलेल्या तळ्यात भोक पाडून मासे धरायला बसलो होतो.

"दोन आठवडे घरात माणूस लागतो म्हणे," मी म्हणालो.

"हं," व्हर्न म्हणाला. "लागतच असेल."

मग तासभर दोघंही गळाकडे बघत बसलो.

१५ फेब्रुवारी

कोरिनचा पुन्हा फोन — "विचारलंत का कुणाला?"

"व्हर्नला सांगितलं."

"सांगितलं, की विचारलं?"

मी पेन्सिलीला पुन्हा टोक काढायला घेतलं.

"अहो, तुम्ही मिनेसोटाची माणसं! कोणी केक पुढे केला तर दोनदा नको म्हणता आणि तिसऱ्यांदा घेता. आठ वर्षांत एवढं शिकलेय मी. पण इथे तसं नाही चालायचं. तोंड उघडून विचारा."

किडनी द्यायची भीती वाटत नाही. सोबत मागायची वाटते.

१९ फेब्रुवारी

कोणी नाही. विचारलंही नाही कुणाला.

२३ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सगळे बसले होते. मी उठलो तशी खुर्ची मागे पडली, त्यामुळे सगळे बघायला लागलेच.

"मला दोन आठवडे घरी सोबत हवी आहे," मी म्हणालो. "कोणी राहाल का?"

"गड्या, मला तुझा जिना चढवत नाही रे," व्हर्न म्हणाला. "ही कंबर." खरं आहे ते. त्याची बायको म्हणाली, "मी डबे पाठवीन." मग आणखी तिघींनी डबे कबूल केले. जेवायला आठ माणसांचं येईल. राहायला कोणी नाही.

कोपऱ्यात मर्ल स्टॅडम मान खाली घालून बसला होता. त्याच्याकडे बघायचाही प्रश्न नव्हता. आर्डिसचं लग्न आधी त्याच्याशी ठरलं होतं. तिने अंगठी परत केली त्याला पन्नास वर्षं होतील. पुढे त्याने लग्न केलं नाही, आणि माझ्या अंगणात पाऊल ठेवलं नाही. तिच्या दफनाच्या दिवशीही लांब फाटकापाशीच उभा होता.

२५ फेब्रुवारी

चार वाजता कोरिनला फोन करून नाही म्हणायचं आहे. जोॲनच्या मुलीला काय सांगू? किडनी चांगली आहे, माणूस एकटा आहे, म्हणून तुझ्या आईला मिळणार नाही?

२५ फेब्रुवारी, पुन्हा

साडेतीनला दार वाजलं. मर्ल. टोपीवर बर्फ. आत ये म्हणायचंही मला सुचलं नाही.

"रविवारी तू सगळ्यांना विचारलंस," तो म्हणाला. "त्या सगळ्यांत मीही होतो ना?"

"होतास."

"मग माझं नाव लिही."

आणि पायपुसण्यावर उभा राहून बूट काढायला लागला.