तपासणाऱ्याची सही

दि. ९ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन आठवडा झाला. मी ठणठणीत आहे. खोलीतला नळ अजून गळतो, आणि घरमालकीणबाई अजून म्हणतात, "उद्या बघू."

तू लिहिलंस, "ह्यांना तूच चार शब्द सुनाव. बावीस वर्षं नोकरी करून असा हलगर्जीपणा! मी तर बोलणंच टाकलंय." ते वाचलं, म्हणून आज खरं काय ते सांगतो.

आमचं काम तुला थोडंफार ठाऊक आहे. लोक इंटरनेटवर नाव टाकतात, आमची यादी त्या नावाच्या मशीनचा पत्ता सांगते. मशीन बदललं तरी नाव तेच राहतं, आम्ही यादीतला पत्ता बदलतो. पण एकदा विचारलेला पत्ता बाहेरचे कॉम्प्युटर कित्येक तास लक्षात ठेवतात, पुन्हा विचारत नाहीत. म्हणून मशीन हलवायच्या आदल्या दिवशी ती मुदत पाच मिनिटांवर आणायची, हा भावोजींचा नियम.

रक्तपेढीचं मशीन हलवायचं होतं. आदल्या दिवशी मी मॅचच्या नादात लवकर सटकलो. मुदत कमी करायची राहिली. सकाळी भावोजींनी विचारलं, "मुदत उतरवलीस ना रे?" मी म्हणालो, "हो, कालच." माझ्या शब्दावर त्यांनी कामाच्या कागदावर तपासणाऱ्याच्या जागी सही केली.

जुनं मशीन बंद केलं आणि संध्याकाळपर्यंत दवाखान्यांच्या मागण्या त्या बंद मशीनकडेच जात राहिल्या. आमच्या यादीत नवा पत्ता अगदी बरोबर होता, पण तो विचारायला कोणी येईना. रक्त वेळेवर न पोचल्याने टेबलावर घेतलेल्या एका बाईंचं ऑपरेशन थांबवावं लागलं. त्या वाचल्या, नाहीतर हे पत्र लिहायलाही मला तोंड नव्हतं.

चौकशीत भावोजी म्हणाले, "तपासायचं काम माझं होतं." मी शेजारच्याच खुर्चीत होतो, तोंडाला कुलूप लावून. त्यांची नोकरी गेली, आणि त्यांचं खिडकीजवळचं टेबल मला मिळालं. खणात त्यांचा चष्मा पुसायचा रुमाल राहिलाय. रोज खण उघडतो आणि लाजेने बंद करतो.

ज्या दिवशी ते सामान घेऊन निघाले, त्यांनी मला जिन्यात गाठलं. वाटलं, आता कानाखाली बसणार. ते एवढंच म्हणाले, "तुझ्या ताईला सांगू नकोस. तिला तुझं फार कौतुक आहे."

चूक माझी होती हे त्यांना चौकशीआधीच ठाऊक होतं, ताई. आणि ते तुझा अबोला सोसत गप्प बसलेत.

आज सगळं लिहून साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी एकच विचारलं, "दोन महिने कुठे होतास?" माझं काय व्हायचं ते होईल. मला उत्तर नंतर लिही, किंवा लिहूही नकोस. आधी उठून त्यांच्याशी बोल.

तुझ्या कौतुकाची लाज न राखलेला,
धाकटा