निळी जपानी सीडी

प्रिय मुली,

सूनबाई लिहिणार होतो, पण तुमच्या घटस्फोटानंतर तो हक्क मला उरला नाही. हे पत्र पोस्टात पडणार नाही, म्हणूनच खरं लिहितोय.

परवा तू फोनवर विचारलंस, "बाबा, माझी निळी जपानी सीडी तिकडे राहिली का?"

"नाही गं, कुठे दिसली नाही," मी म्हणालो. तेव्हा ती प्लेअरमध्येच होती. फोन वाजल्यावर आवाज मीच घाईघाईने बंद केला होता.

मी जन्मभर गाणं शिकवलेला माणूस. तू ती यंत्रावर वाजवलेल्या संथ सुरांची सीडी लावलीस की "यंत्रांची घरघर" म्हणून नाक मुरडायचो, आणि तू मुकाट्याने हेडफोन घालायचीस. तू गेल्यावर कपाट आवरताना सापडली, तेव्हा हसण्यासाठीच लावली. एक सूर आला, थांबला, पाण्यात विरघळावा तसा गेला. पुढच्याला यायची घाईच नव्हती. सवयीने मी समेची वाट पाहत बसलो. ती आलीच नाही, आणि मला चक्क बरं वाटलं. आता रोज ऐकतो. काल एक विद्यार्थिनी अचानक आली, तर "शेजारी वाजतंय" म्हणून मोकळा झालो.

"सर, शेजारचं घर तर रिकामं आहे," ती म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण तुझ्याशी खोटं बोललो ते या लाजेपायी नाही. सापडली म्हटलं असतं, तर कुणाला तरी पाठवून तू ती नेली असतीस. नाही म्हटलं, तर पुन्हा विचारायला फोन करशील, असं वाटलं.

तू म्हणालीस, "असू दे बाबा, नवी घेते."

तुझा,
बाबा