कन्यादानाचे हात

१ एप्रिल, मंगळवार

‘फक्त महिलांसाठी’ ही पाटी मी काय शोभेला लावलीये? भर दुपारी एक गृहस्थ सरळ आत! मी आयब्रो करत होते, दोरा दातात, ओरडताही येईना. साठीचे, ताठ, दोन्ही हात पँटच्या खिशात. हातानेच बाहेर व्हा म्हटलं. तर बाहेर उन्हात तासभर उभे!

गिऱ्हाईक गेल्यावर आत बोलावलं. दादासो मोहिते, कडेगावचे, लष्करातून रिटायर. वीस तारखेला ज्या पल्लवीचा ब्राइडल मेकअप माझ्याकडे आहे, तिचे वडील. मला वाटलं वेळ पक्की करायला आलेत. मग त्यांनी खिशातून हात काढले. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत कोड.

“एका दिसापुरतं झाकता येतंय का? कन्यादान करायचं हाय.”

आणि मी काय केलं? ड्रॉवर उघडून हातमोजे घातले. रोज दहा जणींच्या तोंडाला उघड्या हाताने क्रीम चोळणारी मी! ते शांतपणे म्हणाले, “घाला बाई. मला सवय हाय.”

मोजे काढून टाकले. तेव्हा त्यांनी मुद्दाम मान खिडकीकडे वळवली. मला लाज वाटू नये म्हणून! आत्ता लिहितानाही कान गरम झालेत.

२ एप्रिल, बुधवार

कोड स्पर्शाने लागत नाही. कोर्सच्या परीक्षेत लिहून मार्कही मिळवलेत मी. हातांना कुणी शिकवायचं?

५ एप्रिल, शनिवार

आज ट्रायल. दार लावून, पडदा ओढून — पाटीची लाज राखायला!

आधी नीट विचारलं, सगळं का आणि कशासाठी. साखरपुड्यात त्यांनी हात शालीखाली ठेवले होते. मुलाची आई, फलटणच्या शालूबाई, फार बारकाईने बघणाऱ्या — असं भावकीने यांच्या डोक्यात भरवलंय. बापाचं कोड दिसलं तर उद्या पोरीलाही येईल म्हणतील, ठरलेलं लग्न मोडतील. म्हणून कन्यादान धाकट्या भावाने करावं असं ठरलं. त्यावर पल्लवी म्हणाली, आबा उभे राहणार नसतील तर मीही बोहल्यावर चढणार नाही! बापलेक दोघंही हट्टी. म्हणून हे गुपचूप मलकापूरला, माझ्या पार्लरला आले, तिलाही न सांगता.

फाउंडेशनच्या दोन शेड मिसळून मी टिपत होते. दादासो चाळीस मिनिटं टॉवेलवर हात ठेवून बसले. एकदाही हलले नाहीत. इतक्या जवळून कोड मी कधी पाहिलंच नव्हतं. दाट झाडाखाली ऊन सांडतं ना, तसे हात. मी टिपायची थांबले आणि नुसती बघत राहिले. त्यांच्या लक्षात आलं.

पलटणीत ते स्वयंपाकी होते. डाग तिथेच सुरू झाले, नोकरीच्या शेवटच्या वर्षांत. “दोनशे जण जेवायचे माझ्या हातचं. गावात आलो, पंगतीत वाढायला उठलो, तर म्हणले, आबा, तुमी बसा.”

हे सांगताना आवाजात जराही कडवटपणा नाही! मी असते तर ती पंगतच उधळली असती.

१० एप्रिल, गुरुवार

माझी चूक. शनिवारी रंग निघेना म्हणून कापसाने खसाखसा घासला होता. आज बघते तर मनगट लाल! कराडच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे दोघं गेलो. ते म्हणाले, घासू नका, घासलेल्या जागी नवा डाग येऊ शकतो. तेल लावून हळू पुसा. वर मला विचारलं, किती वर्षं करताय हे काम? चौदा, म्हटलं.

जिन्यात मी माफी मागितली. दादासो म्हणाले, “आवं, इतक्या वर्सांत कुणी घासलं तरी का?” मला हसावं की रडावं कळेना. रडलेच.

१५ एप्रिल, मंगळवार

पाण्याची परीक्षा! कन्यादानाला ओंजळीवर पाण्याची धार असते, रंग ओघळला तर सगळंच संपलं. बेसिनपाशी त्यांच्या हातांवर तांब्याने पाणी सोडलं. तीन तांबे. थेंब टपाटप घरंगळले, रंग तस्साच! पहिल्यांदाच हसले ते.

आणि मला मात्र आनंद पुरा होईना. असे हात झाकायचे तरी कशाला? पण तो प्रश्न त्यांना विचारायचा मला काय अधिकार? विचारायचा तर त्या पंगतीला.

२० एप्रिल, रविवार

पाठ मोडलीये, पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी पल्लवीला सजवलं. तयार झाल्यावर दादासो खोलीत आले. तिने त्यांचे हात हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले.

“आबा, ह्ये हात माझ्या वळखीचं न्हाईत.”

“आजच्या दिसापुरतं, बाळा.”

तिने ते हात गालाला लावले. माझ्या तासाभराच्या मेकअपचं काय झालं ते विचारू नये! पुन्हा सगळा केला, आनंदाने केला.

कन्यादान. वर आबांची ओंजळ, खाली पल्लवीची, तिच्याखाली वीरधवलची, म्हणजे नवरदेवाची. पल्लवीच्या आईने धार सोडली. मी श्वास धरलेला. रंग टिकला! तिन्ही ओंजळी भरून पाणी वाहतंय आणि दादासो ताठ, डोळे मिटलेले. असं काही मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. या हातांना शिवायला मी मोजे घातले होते.

आणि तेवढ्यात दिसलं. अंगठ्याच्या बेचक्यात रंग सुटलेला. बोटभर पांढरं.

मी वर पाहिलं तर शालूबाई थेट तिथेच बघत होत्या. चार पावलं पुढे आल्या, अगदी ओंजळीला खेटून उभ्या राहिल्या. जवळून बघायला! फोटोवाला ओरडतोय, मावशी, बाजूला व्हा, काही दिसेना. पण त्या हलल्या नाहीत. विधी संपेपर्यंत तिथेच.

२३ एप्रिल, बुधवार

पल्लवीचा फोन नाही. मी करायचं धाडस नाही. बोटभर जागा! माझ्या हातून राहिली.

२ मे, शुक्रवार

दुपारी शालूबाई दारात. फलटणहून एसटीने, एकट्या. दार लावा म्हणाल्या. लावलं. खुर्चीत बसल्या, पदर बाजूला केला, ओल्या रुमालाने मानेवरची पावडर पुसली. कानामागून खांद्यापर्यंत पांढरंशुभ्र. आत्ता कळलं, त्या दिवशी फोटोवाल्याच्या आड का उभ्या होत्या!

“बावीस वर्सं पावडर थापतीया. माझ्या पोराला बी ठावं न्हाई. व्याह्यांच्या हाताला लावलं, ते मला लावता ईल का? त्यास्नी मातूर काय बोलू नका. मीच सांगीन.”