सोयरीक नसलेला तपासनीस

१२ मार्च १९४६

ती. लालासाहेब यांस, आष्टा मुक्कामी, आकारामचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक, असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? तुमची बहीण गेल्यापासून अंजनाच घर पाहते. ती बरी आहे.

आमच्या नगरपालिकेने दिवाळीत ठराव केला की कारभारावर नजर ठेवायला स्वतंत्र तपासनीस असावा, आणि तो कोणाही सभासदाचा सोयरा नसावा. दोन महिने गावात असा माणूस सापडेना (सभासदांनी घरी बायकांना विचारून खात्री केली). शेवटी मी सापडलो. तीस वर्षे इथे मास्तरकी करून मी कोणाचाच कोणी नाही, हे सभेत एकमताने मंजूर झाले.

पहिली तक्रार खातूनबीची. मोमीन गल्लीचा नळ कोरडा का, हे पाहायला मी नळाच्या मागोमाग चालत गेलो. नळ अध्यक्षांच्या उसात शिरला होता. अहवाल लिहिला, सही केली. त्याच संध्याकाळी अध्यक्ष आप्पासो घरी आले. नळाचे नाव नाही. पुतण्यासाठी अंजनाला मागणी घातली. "आता परकं कशाला ऱ्हायचं, मास्तर?" म्हणाले. मुलगा पलटणीतून परतलेला, सरळ, निर्व्यसनी. चार वर्षे मी गावोगाव हिंडलो, असे स्थळ आले नव्हते. पण सुपारी फुटली की मी सोयरा, आणि सोयऱ्याचा अहवाल रद्द. ठरावात तसे स्पष्ट आहे (मसुदा मीच तपासून दिला होता, शुद्धलेखनासाठी).

खातूनबी रोज नदीवरून घागर घेऊन दारावरून जाते. काल थांबली. "काय मास्तर, तुमचा कागद अजून वल्लाच हाय व्हय?" मी आत गेलो आणि दार लावले. अहवाल पेटीत आहे.

आपला,
आकाराम

ता. क. सुपारी शुक्रवारी आहे. मामा म्हणून तुम्ही हवेतच. आप्पासोंपुढे अहवालाचा विषय काढू नये. पोरीचे एकदा होऊ द्या.

ता. क. मामा, मी अंजना. पत्र टपालात टाकायला आबांनी माझ्याकडं दिलं, मी वाचलं. अहवाल पेटीतनं काढून याच टपालानं कलेक्टरसाहेबांकडं धाडते. मुलगा मला पसंत हुता. तुमी शुक्रवारच्या आधी या. आबांना सांगायचं मला जमायचं न्हाई. तुमी सांगा.