आठव्या गाण्यापर्यंत

सातारा,
२८ सप्टेंबर २०२५

चि. साक्षीस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा ‘मुक्काम’ हा गाण्यांचा संच पोचला. म्हणजे आमच्या शाळेच्या शिपायाने, बाळासोने, तो माझ्या फोनवर उतरवून दिला आणि एक त्रिकोण दाबायला शिकवलं. नाव हंबीरराव असूनही मी आजवर खडूखेरीज शस्त्र हाती धरलेलं नाही. हा त्रिकोण दुसरं.

आठही गाणी एकदा ऐकली. पुन्हा ऐकली नाहीत. टीका, म्हणजे भाष्य, लिहायची तर एकदाच वाचावं, दुसऱ्यांदा शंका येतात. सुट्या श्लोकाला मुक्तक म्हणतात आणि पाच किंवा जास्त श्लोक मिळून एकच गोष्ट सांगत असले तर कुलक, हे तुला नववीत संस्कृतच्या तासाला शिकवलं होतं. तू खिडकीबाहेर बघत होतीस, तरी रचना मात्र कुलकाचीच केलीस. सुरुवातीला ‘दुसरा कप’: भाड्याच्या खोलीत एकटी मुलगी, चहा एकीचाच, दुसरा कप पालथा. मग ‘एस.टी.’ वगैरे वळणं घेत शेवटी ‘फाटक’. ‘फाटक कुरकुरलं, आतून आई म्हणाली, आलीस?’ इथे कविता थांबते. एकटेपणातून निघून घरी. बांधणी नीटस आहे. तबला तेवढा घाईत वाटला.

हे सगळं अक्काला, म्हणजे तुझ्या मातोश्रींना, समजावून सांगितलं. तू स्पर्धा परीक्षा सोडून गाण्यासाठी मिरजेला गेलीस त्याला दोन वर्षं होतील. तेव्हापासून तिने तुझं नाव घेतलेलं नाही आणि तुझा फोन आला की ती गच्चीवर जाते. म्हणून तर मी पत्रांवर आलो. पत्र मोठ्याने वाचता येतं आणि तिला शेजारी मेथी निवडत बसता येतं. माझी टीका ऐकून ती मेथी निवडत राहिली. पण दुसऱ्या दिवशी तुझी गादी उन्हात पडली होती आणि अनारशांचे तांदूळ भिजत होते.

तेव्हा तू दिवाळीला येतेस, हा निष्कर्ष. तारीख कळव. भावजी गेल्यावर तुम्ही दोघी माझ्याकडे आलात, तेव्हा मला स्वयंपाकघरातला आवाज सहन होत नसे. आता दोघांपुरती केलेली वांग्याची भाजी दोन दिवस पुरते, हे काही बरं नाही.

लोभाची चौकशी करीत नाही, तो असल्याचं गृहीत धरतो.

तुझा,
मामा


मिरज,
५ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस साक्षीचा शि. सा. न. वि. वि.

तुमची टीका वाचून आधी हसले. गादीपर्यंत आले आणि हसू थांबलं.

मामा, फोनच्या पडद्यावर एकमेकांना ओलांडून जाणारे दोन बाण आहेत. ते हिरवे असले की गाणी पत्त्यांसारखी पिसली जातात आणि हाताला येईल ते वाजतं. बाळासोला सांगून ते बंद करून घ्या. ‘फाटक’ पहिलं आहे. शाळेतून घरी येणाऱ्या लहान मुलीचं. ‘दुसरा कप’ आठवं, शेवटचं.

मी दिवाळीला येत नाही. निघताना आईने मला त्याच फाटकाशी सांगितलं होतं, पास होऊन ये, नाहीतर येऊ नकोस. आता परीक्षाच देत नाही, तर पास कुठून होणार? तिचा राग मला कळतो. माझ्या फॉर्मसाठी तिने कुणाकुणाच्या पोरांचे डबे केले तेही विसरलेले नाही. पण त्या अटीवर फाटक ढकलायला हात उचलत नाही.

इथलं बरं आहे. खाली हाजराबींच्या घरची माणसं तंबोरे बनवतात, वर माझी खोली, बाहेर सज्जात भोपळे वाळत ठेवलेले. संध्याकाळी कारागीर गेले की इतकं सामसूम होतं की मी भोपळ्यांनाच गाऊन दाखवते. परवा हाजराबींनी जिन्यातून विचारलं, पाव्हणे आलेत का गं. मी म्हटलं, हो, बारा. त्यांनी वर येऊन भोपळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकीला पुरेल एवढी खीर पाठवून दिली.

आईला खरा क्रम सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा. न सांगितलात तरी मी काही म्हणणार नाही. पण गाणी एकदा रांगेने ऐका, एवढं मात्र कराच.

रागवायचं असेल तर रागवा, पण उत्तर पाठवा.

आपली,
साक्षी


सातारा,
१९ ऑक्टोबर २०२५

चि. साक्षीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालाने आलेलं नाही. आणणारी दारात उभी असेल. गुडघा दुखत असताना जिना चढून आली आहे. आधी तिला आत घेऊन बसव, मग वाच.

बाण विझवले आणि रांगेने ऐकलं. ‘फाटक’पासून निघालं की गाण्यागणिक माणसं कमी होत जातात. पहिल्यात आई आहे, मी आहे (‘चष्म्याआडून हसणारा’ हा मीच असणार), शेजारची कुत्रीसुद्धा आहे. ‘एस.टी.’मध्ये फक्त कंडक्टर उरतो. शेवटी एक मुलगी आणि तो कप. पहिल्या खेपेला मला ती एकटेपणाची खूण वाटली होती, आणि मी ती ओलांडून पुढे गेलो. आता सात गाणी चालून तिथे पोचलो तेव्हा ओळ नीट ऐकू आली: ‘धुऊन ठेवलाय पालथा, तू आलीस की सरळ करीन.’

हे कळल्यावर मी आठवडाभर गप्प होतो. शास्त्र्याला चूक कबूल करणं जड जातं, असं कारण मी स्वतःला दिलं. ते खरं नव्हतं. माझ्या क्रमात तू घरी येत होतीस आणि ताटं तीन होत होती. तुझ्या क्रमात अक्का जाते. पुढची वजाबाकी तुला येते.

परवा ती अनारसे तळत होती. तुझं नाव न घेता म्हणाली, कुणाकुणाला जरा कडकच आवडतात, आणि मग तारीख कळली का असं विचारलं. मग मात्र मला राहवेना. फोन ओट्यावर ठेवला, तुझा क्रम सांगितला आणि आठवं गाणं लावलं. तिने गॅस बंद केला. गाणं संपल्यावर म्हणाली, “म्हंजे ती यायची न्हाई. मला बोलावतीया व्हय?”

मी म्हटलं, यावेळची माझी टीका तीच आहे.

पास-नापासाचं काय म्हणालीय, असं तिने विचारलं. त्यावर आठ गाण्यांत एक ओळही नाही, हे मी सांगितलं. तिने रिकामाच झारा कढईवर निथळत धरला.

आज सकाळी मला पाटावर बसवून ओवाळलं. भाऊबीज गुरुवारी आहे, हे मी पंचांग उघडून दाखवलं. म्हणाली, गुरुवारी मी इथं न्हाई, तसं तुज्या पंचांगाला सांग. दोघंही हसलो. मग ती निरांजन आत ठेवायला गेली, ती बराच वेळ परत आली नाही.

किती दिवस राहणार, हे मी विचारलेलं नाही. डबा अनारशांचा आहे. सोबतची गुंडाळी म्हणजे उन्हात दिलेली तुझी गादी. गाडीत त्यावरून कुणाशी तरी भांडण झालं असेल, ते तिच्याकडून सविस्तर ऐक. एका खोलीत दुसरी गादी कशाला नेतेस, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही.

भोपळ्यांना माझा नमस्कार सांग. सध्या तुझे श्रोते माझ्या वर्गापेक्षा संख्येने आणि शांततेने बरे दिसतात. अक्काचं औषध सकाळचं आहे. ती घेतल्याचं सांगते, घेत नाही.

इथे सर्व क्षेम. तुमच्या दोघींच्या बोलण्यात अधूनमधून माझं नाव निघावं, एवढंच मागणं.

तुझा,
मामा

ता. क. इथलाही एक कप पालथा घातला आहे. काव्य वगैरे काही नाही. धूळ बसते.