दोन हातांचं काम

काळाचौकी,
बुधवार, दुपार

प्रिय मालन,

सप्रेम जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी कपाळाला आठ्या घालशील, मग चष्मा शोधत घरभर फिरशील. डोक्यावर बघ. पत्र आणून देणारा मुलगा, संघर्ष, आमच्याच मजल्यावरचा, वडाळा डेपोत कंडक्टर आहे. माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नकोस, पाणी तरी विचार. आजकाल पत्र कोण लिहितं, हे मलाही कळतं. पण फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतेस. तुझ्या आकांक्षाच्या लग्नाला सहा महिने होऊन गेले. चाळीस वर्षांत आपला अबोला इतका कधी टिकला नाही. नर्सिंगच्या हॉस्टेलमध्ये तू माझी खळ घातलेली टोपी उशाखाली घेऊन झोपलीस आणि मेट्रननं मला सगळ्यांसमोर झापलं, तेव्हाही चारच दिवस चालला होता.

आधी ताजी बातमी. सोमवारी सकाळी बाथरूममध्ये पाय घसरला आणि डावं मनगट मोडलं. पाण्याचं काम नुकतंच उरकलं होतं, बाहेर फोन वाजला, मला वाटलं तूच. ओल्या पायांनी धावले. फोन विम्याच्या पॉलिसीवाल्या बाईचा होता. मनगटाचा आकार बघून काय मोडलंय ते एक्सरेच्या आधीच कळलं. तुझ्या हाडांच्या वॉर्डाशेजारी इतकी वर्षं काय उगाच काढली? लालबागच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, सहा आठवडे म्हणाले. घरी आल्यापासून थोड्या थोड्या वेळानं नख दाबून बघते, पांढरं झालेलं परत गुलाबी होतंय का. बोटं गार पडलीत का, हलतात का, मुंग्या येतात का. तू राउंडला ज्या क्रमानं विचारायचीस, त्याच क्रमानं विचारते, आणि तेही तुझ्याच आवाजात: “काय गो बाय, बोटां हलव बघया.” खोलीत दुसरं कुणी नसल्यामुळे हा कार्यक्रम मोठ्यानं चालतो.

खाली मंडळाचा मांडव घालायला सुरुवात झाली आहे. बांबू उतरवल्याचा आवाज आला की मला बुधाजी आठवतात. तुलाही आठवत असतील. ह्याच मांडवावरून पडले होते, कमरेचं हाड मोडलं आणि आत आतडं फाटलं. पोटापुरता पेशंट माझ्या वॉर्डाचा, हाडापुरता तुझ्या. त्यांच्यावरून आपण किती भांडलो! पाठ सोलवटू नये म्हणून मला ते दर दोन तासांनी कुशीवर हवे होते, आणि हाड सरकू नये म्हणून तुला ते हलवायलाच नको होते. मग तू एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, खालची चादर धरून एक-दोन-तीन म्हणायचं आणि त्यांना ओंडक्यासारखं सरळ वळवायचं. एकटीनं करायचं ते काम नव्हेच. एकदा तू तीनऐवजी दोनलाच ओढलंस, आणि ते एवढ्या दुखण्यातही म्हणाले, “ह्या बाईंका शाळेत घाला रे कोन तरी.”

त्यांच्या पोटावर पिशवी आली, शौचासाठी. त्यांनी तिचं नाव मुकादम ठेवलं. गिरणीतला मुकादम कधी ओरडेल ते सांगता यायचं नाही, तसंच हे, म्हणाले. मी ते नाव पुढे कितीतरी पेशंटना सांगून हसवलं. नंतरचं तुला मी सांगितलं नव्हतं. वर्षभरानं त्यांची बायको चंपावहिनी ओपीडीत म्हणाली, “सिस्टर, हे गणपतीत पन खाली उतरत नाय. खिडकीत बसून आरती ऐकतात.” मी बुधाजींना चांगलंच फैलावर घेतलं. माझं ठरलेलं वाक्य ऐकवलं, जे मी हजारभर पेशंटना ऐकवलं असेल, की कपड्याच्या आत आहे, कुणाला कळतसुद्धा नाही. ते खाली बघत म्हणाले, “कोनाला नाय कळत सिस्टर. पन मला कळतंय ना.” मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

मालन, मागच्या वर्षी मी दीक्षाभूमीला गेले आणि मग बहिणीकडे नागपूरला दोन महिने राहिले, असं तुला सांगितलं. मी नागपूरला गेलेच नव्हते. माझ्या भाच्याबरोबर, अभयबरोबर पाठवलेली ती संत्री दादरच्या मार्केटमधली होती. तू फोन करून म्हणालीस, नागपूरच्या संत्र्याची चवच वेगळी गो, इकडची घेववत नाहीत. मला इतकं हसू आलं की टाक्यांवर उशी दाबून धरावी लागली. मग फोन ठेवला आणि खूप रडले. कॅन्सर होता, आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. वेळेत सापडला, काढला, आता सगळं साफ आहे म्हणतात. पण खालचा रस्ता कायमचा बंद केला. गेले अकरा महिने माझ्या पोटावर, डाव्या बाजूला, पिशवी आहे. हे एक वाक्य लिहायला सकाळची दुपार झाली.

आपल्या हॉस्पिटलात मी गेले नाही. जिथे पंधरा वर्षं इन्चार्ज म्हणून खुर्चीत बसले, तिथे मागून उघडा गाऊन घालून पडायचं माझ्यानं झालं नसतं. दूर उपनगरात, जिथे मला कुणी ओळखत नाही अशा एका ठिकाणी गेले आणि फॉर्मवर गृहिणी लिहिलं. तिथली नर्स पंचवीस-सव्वीसची असेल, हात हलका, काम स्वच्छ. खोट काढायला काही सापडेना म्हणून मी जास्तच चिडचिड केली. तिसऱ्या दिवशी तिनं पिशवी बदलायला शिकवली, मी मुकाट्यानं शिकले, जसं काही पहिल्यांदाच बघतेय. शेवटी ती प्रेमानं म्हणाली, “आंटी, टेन्शन नको घेऊ, किसी को पता भी नहीं चलेगा.” मी मान फिरवली. बुधाजींनी तेव्हा माझ्या तोंडात मारली असती तरी चाललं असतं, असं मला वाटलं.

आता लग्नाचं. मी आले होते, मालन. तुला वाटतं मी आलेच नाही, पित्ताचं कारण सांगून टाळलं. फोनवर तू एकदम गप्प झालीस ना, तेव्हाच मला कळलं तुझ्या मनात काय आलं ते. साखरपुड्यात तुझे दीर माझ्या पंगतीला बसण्यावरून जे बोलले, ते तुला आठवलं. ते मनात धरून मी आले नाही, असं समजून तू माझ्यावर रागावलीस की स्वतःवर, मला माहीत नाही. तुझ्या दिरांना मी तुझ्या लग्नापासून ओळखते. त्यांच्यासाठी मी आकांक्षाचं लग्न चुकवीन होय? तिला पहिली आंघोळ मी घातली आहे. ते बोलणं मी तिथेच सोडून दिलं होतं, तूही आता सोड.

तर, मी हॉलच्या जिन्यापर्यंत आले होते. तू दिलेली ती मोरपिशी पैठणी नेसून, गजरा माळून. आणि त्याआधी मी काय केलं सांगू? दोन दिवस धड काही खाल्लं नाही. कोरा चहा आणि राजगिऱ्याचा लाडू. उपाशी पोटात वारा जास्त धरतो, आवाज जास्त होतात, पिशवीवाल्यानं कधीही उपाशी राहू नये, हे मी आयुष्यभर घसा फोडून सांगितलेलं. वर परकराची नाडी पिशवीवरून करकचून आवळली, फुगवटा दिसू नये म्हणून. हेही पहिल्याच दिवशी सांगतो आपण, तिथे काही आवळू नका. मला हे कळत नव्हतं असं नाही, कळूनही केलं. जिन्यावर अत्तर लावायला मुली उभ्या होत्या, मागेपुढे सगळ्या नटलेल्या बायका, आणि माझ्या पोटातून एवढा मोठा आवाज आला की अत्तरदाणी धरलेली मुलगी खुदकन हसली. तिचा काही दोष नाही, पोरच ती. मग कमरेपाशी गरम लागलं. पिशवी पोटाला चिकटवायची चकती सुटली होती. वरून सनई ऐकू येत होती. मी पदर पोटाशी धरला, वळले आणि लोकांच्या उलट दिशेनं खाली उतरले. टॅक्सीवाल्यानं चारही काचा खाली केल्या. घरी येऊन पैठणी तीन पाण्यांतून काढली. जरीचे काठ काळे पडलेत. आकांक्षाच्या नावाचं पाकीट अजून कपाटात आहे.

तेव्हापासून मी जवळजवळ कुठेच जात नाही. रविवारी विहारात जात नाही, कारण वंदनेनंतर सगळे डोळे मिटून शांत बसतात, आणि त्या शांततेची मला भीती वाटते. शेजारी कुणी आलं की टीव्ही मोठा करते; चाळीत म्हणतात, रिटायर झाल्यापासून सिस्टरला मिजास आली. पावट्याची उसळ, कोबी, कांदाभजी, सगळं बंद. अभयला माहीत आहे, कारण फॉर्मवर सही त्याची होती. तो पुण्याहून फोन करतो, “आत्या, ओके ना?” मी ओके म्हणते आणि दोघंही सुटतो. एकटं राहायची मला सवय होती गं. आमचे हे गेल्यावर वीस वर्षं राहिलेच की. पण तेव्हा मी दिवसभर माणसांना उठवत, बसवत, पुसत असायचे. माझे हात कुणाच्या तरी अंगाला लागलेले असायचे. आता बोलायला घरात एकच सोबत आहे, आणि बुधाजींसारखं मीही तिचं नाव ठेवलं आहे. वेळकाळ बघत नाही, चारचौघांत मधेच मोठ्यानं बोलते आणि कितीही चिडलं तरी सोडून जात नाही, म्हणून मालन. रागावू नकोस. रोज सकाळी मी तुलाच शिव्या देते, तेवढंच तुझ्याशी बोलल्यासारखं होतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. सोमवारी घसरले त्याच्या थोडं आधीच मी पिशवी बदलली होती. रिकामी करायला एक हात कसाबसा पुरतो. पण चकती मापानं गोल कापायची, कातडी ताणून धरायची, जुनी सोलून काढायची, नवी बसवायची, हे दोन हातांचं काम आहे. काल एका हातानं कात्री चालवून बघितली, दोन चकत्या वाया घालवल्या. पोटावरची ओढूनताणून शुक्रवारपर्यंत टिकेल, त्यापुढे नाही. आपल्या हॉस्पिटलात वैशाली आहे, मीच शिकवलेली, ती मायेनं करील. पण तिच्यासमोर मला सिस्टरच राहावं लागेल, रडता यायचं नाही. म्हणून तू ये, शुक्रवारी सकाळी. हाडांच्या वॉर्डातल्या बाईला हे जमणार नाही असं मी जन्मभर म्हणत आले, ते मागे घेते. मी सांगीन तसं कर, आणि तीन म्हटल्यावरच ओढ, दोनला नाही. कुणाला कळत नाही, असं मात्र म्हणू नकोस. भात मी टाकून ठेवीन, तेवढं एका हातानं होतं. चकती चिकटायला वर तळहात ठेवून ऊब द्यावी लागते, चांगली दोन-तीन मिनिटं. तुझे हात नेहमी गार, तेवढे आधी चोळून घे. अकरा महिने झाले, मालन, माझ्या पोटावर माझ्याशिवाय कुणाचाच हात पडलेला नाही.

शुक्रवारी दार नुसतं ओढून ठेवते, कडी लावत नाही.

तुझीच, अजूनही तुझीच,
कांता