आमदाराची पायरी

शनिवार, ३० ऑगस्ट. संध्याकाळ.

लाज वाटते आहे. नारळ फोडायला देशपांडेकाकांनी खास घरून दगड आणला होता. गाडीच्या डिकीतच राहिला तो.

यंदा इथे परदेशात आमच्या मराठी मंडळाचा गणपती गावातल्या जुन्या लाकडी घरात बसवला. हे घर एका वखारवाल्याचं, आता तिथे संग्रहालय आहे. दीडशे वर्षांपूर्वी लाकूड विकता विकता तो आमदार झाला. घर दाखवणाऱ्या मार्गारेटबाईंनी सकाळीच सांगितलं होतं, दारातली पायरी त्याने स्वतः निवडलेल्या फळीची आहे. एका कामगाराचा हात करवतीत गेला, तेव्हा याच पायरीवर उभा राहून तो सगळ्यांसमोर म्हणाला, चूक माझी. लोकांनी त्याला निवडून दिलं ते त्यानंतर.

आणि मी? गडबडीत त्याच पायरीवर नारळ आपटला. फळी तडकली. मार्गारेटबाई धावत आल्या. "हा पूजेचा भाग आहे का?"

सॉरी म्हणायचं सोडून मी म्हणालो, "हो, आमच्यात दारातल्या पायरीवरच फोडतात."

"बाबा, बट वुई यूज अ स्टोन!" चिन्मयी बोललीच. मी तिच्यावर डोळे वटारले. पोरीवर!

मार्गारेटबाईंनी फडक्याने नारळाचं पाणी टिपलं. "मग हा तडा मी बुजवू देणार नाही," त्या म्हणाल्या. "येणाऱ्यांना सांगेन, इथे तुमची प्रार्थना झाली."

चूक माझी. एवढंच तर म्हणायचं होतं, त्याच पायरीवर.

आता आमदाराची गोष्ट सांगून झाली की त्या माझं खोटं सांगणार. प्रत्येक पाहुण्याला, आणि तेही आदराने.